उमद्याची दोन अंडी

आखाती युद्धात माझ्यावर एका माशाच्या संरक्षणाची जबाबदारी होती.

लोकांना हे पटत नाही. "तुम्ही त्या वेळी सौदीत होता ना? मग काय पाहिलंत? रणगाडे? क्षेपणास्त्रं?" असं मोठ्या उत्साहाने विचारतात, आणि मी "मासा" म्हटलं की मान खाली घालून चहा ढवळायला लागतात. पण खरं तेच आहे. सगळं जग तेलाच्या विहिरींची काळजी करत होतं, तेव्हा मी, इक्बाल, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, तांबड्या समुद्रातल्या एका बेटावर लाकडी धक्क्यावर उकिडवा बसून एका गोबऱ्याला उकडलेली अंडी भरवत होतो. रोज दोन. सोलून!

त्या बेटांचं नाव फरसान. (हसून घ्या. माझ्या आईने गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मुलगा सौदीत फरसाणच्या धंद्यात आहे आणि बरं चाललंय.) सौदीच्या पार दक्षिणेला जिझान बंदर आहे, तिथून बोटीने निघालं की ही बेटं लागतात. कधीकाळी तिथे मोती निघत. पुढे मोती संपले आणि मोत्यांच्या व्यापाऱ्यांनी बांधलेली नक्षीदार घरं तेवढी उरली. माझ्या वेळी बेटाची सगळी अर्थव्यवस्था तीन गोष्टींवर चालत होती: मासेमारी, सरकारी पगार, आणि सामानाच्या बोटीची वाट पाहणं. या तिसऱ्या धंद्यात सर्वांत जास्त लोक गुंतलेले होते.

चौथा धंदा आमच्या कफिलाने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, आणला. अबू सालेह त्याचं नाव, माणूस जेद्द्याचा, पोट आणि स्वप्नं दोन्ही मोठी. बेटाभोवती पाण्याखाली पोवळ्यांच्या बागाच्या बागा, त्यांत रंगपंचमी खेळून आल्यासारखे मासे, कासवं. जेद्द्यातले आणि जुबैलच्या कारखान्यांतले गोरे इंजिनियर सुटी मिळाली की पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून हे बघायला पाण्यात उतरत. आता वर फुकट हवा असताना पाण्यात जाऊन ती विकत घ्यायची, हे मला कधी कळलं नाही. पण अबू सालेहला कळलं. त्याने सहा खोल्या बांधल्या, एक धक्का बांधला, सिलिंडर भरायचं यंत्र आणलं आणि मुदीर, म्हणजे मॅनेजर, म्हणून मला नेमलं. मुलाखत अशी झाली.

"कुठला तू?"

"कोकणातला."

"समुद्रकाठचा?"

"घरातून दिसतो."

"खलास! कामावर ये."

पोहता येतं का, हे त्याने विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. (आमचं कापडाचं दुकान. आमच्या घरात समुद्र हा मासे येण्याचा रस्ता समजला जाई, माणसं जाण्याचा नव्हे.) धक्क्यावर मी नेहमी मधोमध चालत असे. पाहुण्यांना वाटे, मॅनेजर रुबाबात चालतो.

तर तो मासा. आमच्या धक्क्याखाली एक दांडगा गोबरा राहत होता. अरब लोक त्याला हामूर म्हणतात. लांबीला माझ्या आठ वर्षांच्या लेकीएवढा, सायराएवढा, आणि जाडीला तिच्या बापाएवढा. खालचा ओठ पुढे, डोळे अर्धवट मिटलेले, एकूण चेहरा अर्ज नामंजूर करणाऱ्या साहेबाचा. म्हणून कफिलाने त्याचं नाव ठेवलं उमदा. तिकडे मोहल्ल्याच्या मुखियाला उमदा म्हणतात. धक्क्याला एक रिकामं गंजकं सिलिंडर टांगलं होतं. त्यावर पान्याने टण् टण् वाजवलं की उमदा संथपणे वर येई, आ वासून अंडं घेई आणि उपकार केल्यासारखा खाली जाई. गोरे लोक त्याच्या शेजारी पाण्यात तरंगून फोटो काढून घेत. आमच्या जाहिरातीच्या कागदावर सर्वांत मोठा फोटो त्याचा होता. माझा कोपऱ्यात होता, त्यातही माझ्या पुढ्यात किटली होती.

मग युद्ध उभं राहिलं आणि गोरे एका आठवड्यात गायब झाले. कफिलाचा फोन आला.

"इक्बाल, गोरे गेले. पण परत येतील. माझ्या खोल्यांसाठी नाही, तुझ्या चहासाठी तर नाहीच नाही. उमद्यासाठी येतील. समजलं? उमदा आहे तर कॅम्प आहे. कॅम्प आहे तर तुझा इकामा आहे. इकामा आहे तर..."

"बायको-पोर इथे आहेत," मी वाक्य पुरं केलं. (इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना.)

"शाब्बास. अंडी देत राहा."

बायको-पोर खरोखरच तिथे होती. एरवी नजमा आणि सायरा जेद्द्याला राहत, सायराच्या शाळेसाठी. लढाईमुळे शाळेला टाळं लागलं, म्हणून दोघी बेटावर आल्या. आणि त्यांच्यासोबत एक लोखंडी ट्रंक आली, आणि ट्रंकेमागोमाग माझे सासरे आले. आम्ही सासऱ्याला मामू म्हणतो. मामू उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, म्हणून आले होते. उमरा झाला, परतीचं विमान रद्द झालं आणि मामू आमच्याकडे अडकले. की आम्ही मामूंकडे, हे नंतर नंतर सांगता येईना.

मामू म्हणजे श्रीवर्धनकडचे जुने तांडेल. आयुष्य मचव्यावर गेलेलं. ताटात मासा नसेल तर जेवण झालं असं ते मानत नसत, नुसतं "पोटाला फसवलं" म्हणत. पहिले काही दिवस मजेत गेले. बेटावर मासळीला काय तोटा! पण मग हुकूम निघाला की लढाई आटपेपर्यंत मासेमारीच्या बोटींनी समुद्रात जायचं नाही. झालं! चारी बाजूंनी समुद्र, समुद्रात मासेच मासे, आणि आमच्या ताटात डब्यातला ट्यूना नाहीतर परदेशातून गोठून आलेली कोंबडी. मामू डबा कानाशी धरून हलवून बघत आणि ठेवून देत.

"ह्यो मासा कंदी मेला?" ते विचारत.

"डब्यावर लिहिलंय, मामू."

"मयतावर तारीख लिवलेली मी पयल्यांदा बगतो."

आणि अशा दिवसांत एका सकाळी मामू माझ्यामागोमाग धक्क्यावर आले. मी टण् टण् केलं, उमदा वर आला, मी अंडं सोललं, त्याला दिलं. मामूंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मग आवाज फुटला.

"इक्बालमियां, माशाला अंडी नि मानसाला डब्यातला मासा! अशी लढाई मी बापजन्मात बगली नाय!"

"मामू, हा खायचा मासा नाही. ही कंपनीची मालमत्ता आहे."

"मालमत्ता हाय तर मंग वाटून घ्या ना! रस्सा केला तर उभ्या बेटाला पुरंल." त्यांची नजर उमद्याच्या डोक्यापासून शेपटापर्यंत फिरत होती. कुठून कापायचा, कुठले तुकडे तळायचे, कुठले रश्श्याला, सगळं त्या नजरेत दिसत होतं.

"आजोबा, ही इज नॉट फूड!" सायरा किंचाळली. "ही इज अवर फ्रेंड!"

"काय म्हनते ही?"

"दोस्त म्हणते," मी म्हणालो.

"आसूं दे. दोस्ताच्या घरी जेवायला हरकत नाय."

त्या दिवसापासून माझी दुहेरी ड्यूटी सुरू झाली. जग उत्तरेकडे डोळे लावून बसलं होतं, मी सासऱ्याकडे. कॅम्पातले दोर, तारा, जाळीची पिशवी, मासे टोचायचा जुना भाला, सगळं मी कपाटात घालून कुलूप लावलं. नजमाच्या शिवणाच्या डब्यातून मोठ्या सुया काढून घेतल्या. (माणूस गळ कशाचाही करतो!) ती चिडली. म्हणाली, "ऐकलंत? माझ्या बावांना तुम्ही चोर समजता?"

"छे! मी फक्त माशाला मासा समजतो आणि त्यांना तांडेल समजतो."

"एवढं डोकं घरात चालवलंत तर बरं. कोंबडीच्या पोटात काळीज-पेट्याची पिशवी येते ना, ती हल्ली कुठे जाते बघा. ठेवली की नाहीशी होते."

मी मांजरांवर संशय घेतला आणि प्रकरण मिटवलं. मला त्याहून मोठ्या काळज्या होत्या. उमद्याची तब्येत मला बरी दिसत नव्हती. टण् टण् केलं तर उशिरा येई. एकदा अंडं तोंडात घेतलं आणि थू करून टाकून दिलं! उमद्याच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. मी ते लढाईच्या ताणामुळे असेल असं धरून चाललो. मामू मात्र खुशीत होते. रोज नमाज झाला की स्वयंपाकघरामागच्या खडकांवर एकटेच हवा खायला जाऊन बसत आणि गुणगुणत परत येत. ट्यूनाच्या डब्याला नावंही ठेवीनात. मला वाटलं, म्हातारा निवळला.

अखेर लढाई संपली. रेडिओवर ऐकून आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कफिलाचा फोन.

"इक्बाल! येत्या शुक्रवारी येतोय. बरोबर रियाधचा एक बडा माणूस आहे. त्याला कॅम्पात भागीदारी हवीय. सोबत दोन गोरे डायव्हर, कॅमेरा घेऊन. त्यांनी उमद्याला पाहिलं, फोटो काढले, की तो सही करणार. नाही केली तर माझ्याकडे कॅम्प चालवायला काही उरलेलं नाही. मग खलास, तुम्ही सगळे घरी. उमदा कसा आहे?"

"मस्त आहे!" मी म्हणालो आणि अंडी घेऊन धक्क्यावर पळालो.

टण् टण्. पाणी हललं नाही. टण् टण् टण्! दोन बोटभर मासे आले आणि मला बघून गेले. मी पालथा पडून धक्क्याखाली डोकावलो, "उमद्या, ए उमद्या" अशी हाक मारली, मग अदबीने "या शेख उमदा" म्हणूनही पाहिलं. उमदा नव्हता. दुपारपर्यंत त्या सिलिंडरचा मी वाजवून वाजवून गंज झाडला. शेवटी उन्हाने भोवळ यायला लागली, तेव्हा घराकडे वळलो. आणि दारातच मला वास आला.

नारळाचं वाटप, कोकम, लसूण, आणि त्यात ताजा मासा. डब्यातला नव्हे. ताजा!

"या, या," नजमा हसत म्हणाली. इतकी आनंदी ती निकाहाच्या दिवशीही नव्हती. "हात धुवा. आज खरं जेवण आहे. बावांनी आणलाय."

आता आमच्याकडे एक रीत आहे. सासरा घरात असला आणि मोठा मासा शिजला की डोकं जावयाच्या ताटात जातं. तो मान असतो. नजमाने मोठ्या मानाने माझ्यापुढे परात ठेवली, रस्सा ओतला, आणि रश्श्यातून एक डोकं वर आलं. गोबऱ्याचं. खालचा ओठ पुढे. डोळे अर्धवट मिटलेले.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. शेवटच्या क्षणीही त्याने माझा अर्ज नामंजूर केला होता.

"उमदा!" मी ओरडलो.

"हां, उमदाच झालाय रस्सा," मामू बोटं चाटत म्हणाले.

"मामू, तुम्ही काय केलंत हे! माझी नोकरी मारलीत! माझा इकामा उकळलात!"

"काय बोलतायत?" मामूंचा घास हातातच राहिला. "मासा मी बाजारातसून आनला हाय. बोटी काल सुटल्या."

"तुम्ही बाजारात गेलात आणि नेमका गोबराच मिळाला? आणि नेमका आजच उमदा नाहीसा झाला? मी काय दूधखुळा आहे?"

"हे डोकं लहान आहे अहो," नजमा म्हणाली. "उमद्याचं केवढं मोठं आहे!"

"शिजल्यावर आकसतं!" मी म्हणालो. (कपड्याच्या दुकानातलं ज्ञान. जिथे तिथे लागू पडत नाही.) "मी ओळखतो त्याला! वर्षभर रोज या तोंडात अंडी घातलीत मी!"

खरं तर मला माझ्या सख्ख्या मेव्हण्याही एकमेकींपासून ओळखता येत नाहीत. पण त्या वेळी त्या डोक्यावर मी इमान ठेवलं. सायराने भोकाड पसरलं. "आजोबा, यू आर अ मर्डरर!" मामू हळूच उठले. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीकडे बघितलं, आणि मिटलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "तांडेल खोटा बोलत नाय. ज्या घरात मना चोर बोलले त्या घरात मी पानी पन पिनार नाय. शुक्रवारी बोट हाय. मी जातो." आणि ट्रंक भरायला लागले. नजमाने माझ्यासमोरची परात उचलून नेली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. डोकं कुणी खाल्लं मला माहीत नाही. मला मिळालं नाही, एवढंच सांगतो.

पुढचे दिवस असे गेले की त्यापेक्षा लढाई बरी. मामू खडकांवर जाईनात, खोलीतच ट्रंकेवर बसून राहत, शेजारच्या येमेनी दुकानदाराकडून रोटी आणून खात. नजमा सायरामार्फत निरोप पाठवी आणि सायरा ते इंग्रजीत करून सांगे, त्यामुळे ते आणखी लागत. "ममा सेज टी इज ऑन द टेबल. ममा सेज ड्रिंक इट ऑर डोन्ट." आणि माझ्यापुढे प्रश्न उभाच होता: कफिलाला काय सांगायचं? सासऱ्याने तुमची मालमत्ता कोकम घालून खाल्ली, हे अरबीत कसं सांगतात, मला ठाऊक नव्हतं. मी धीर करून फोन लावला.

"शेख, वाईट बातमी आहे. उमदा गेला."

"कुठे गेला?"

"वर."

"कसा?"

मी या प्रश्नाची तयारी केली नव्हती. नेमकं तेव्हाच डोक्यावरून एक विमान गेलं.

"विमान, शेख. लढाईचं. फार खालून गेलं. त्या आवाजाने... हार्ट अटॅक."

"माशाला? हार्ट अटॅक?"

"वजन फार होतं, शेख. आणि रोजची अंडी."

कफिलाला स्वतःला डॉक्टरने अंडी बंद केली होती, त्यामुळे बहुधा पटलं. तो म्हणाला, "लढाईत गेला म्हणजे साधा मासा नव्हता तो. पाहुणे येणारच. आता रद्द करता येत नाही. तू त्यांना त्याची हकीकत सांग. चांगली सांग, इक्बाल. आता सगळं तुझ्या तोंडावर आहे."

शुक्रवारी बोट आली. कफील उतरला, त्यामागे रियाधचा भागीदार, काळा चष्मा, हातात जपाची तस्बी, तोंडावर एक सुरकुती हलेल तर शपथ. त्यामागे दोन गोरे, कॅमेऱ्याच्या पेट्या घेऊन. धक्क्याच्या टोकाला मामू आपल्या ट्रंकेवर बसले होते, परतीच्या त्याच बोटीने जायला तयार, माझ्याकडे पाठ करून. मांडीवर नजमाने बांधून दिलेला डबा होता. (तळलेलं काळीज-पेटा. बापाला रागातही उपाशी पाठवणार नाही ती.) नजमा बुरख्यात, पण डोळे माझ्यावर रोखलेले. सायरा आईच्या पाठीमागे.

मी बोलायला लागलो. कसा तो लहानपणी धक्क्याखाली आला, कसा मोठा झाला, कसा त्याने कधी कुणाचं बोट चावलं नाही (एकदा चावलं होतं, पण मेल्यावर कोण काढतं), कसा युद्धाच्या दिवसांत त्याने अन्न सोडलं आणि कसं ते विमान आलं. बोलता बोलता मला स्वतःलाच भरून आलं. कफिलाने डोळे पुसले. भागीदाराने तस्बी थांबवली. फक्त एक गोरा दुसऱ्याच्या कानात, "हार्ट अटॅक? अ फिश?" असं काहीतरी पुटपुटत होता.

"पुरे," कफील म्हणाला. "इक्बाल, त्याच्या आठवणीत ते सिलिंडर एकदा वाजव. शेवटचं."

सर्वांनी माना खाली घातल्या. मी पाना उचलला. टण्. टण्. टण्.

पाण्यात एक मोठी सावली हलली. संथपणे वर आली. आणि सगळ्यांच्या समोर, आ वासून, उमदा उभा राहिला! खालचा ओठ पुढे, डोळे अर्धवट मिटलेले, "अंडी कुठायत?" असा चेहरा.

कफील वाकून बघत राहिला.

"इक्बाल. हा कोण?"

"उमदा, शेख."

"जो मेला तो?"

"हो."

"हार्ट अटॅकने?"

"सौम्य असावा, शेख."

तेवढ्यात ट्रंकेवरून मामू उठले. त्यांनी पाण्याकडे बघितलं आणि चार दिवसांचा रुसवा विसरून मोठ्या प्रेमाने हाक मारली, "ये रं माज्या रस्स्या! भूक लागली ना? ये!" आणि डबा उघडून तळलेल्या पेट्याचा तुकडा पाण्यावर धरला. उमद्याने माझ्याकडे शेपूट केलं आणि कुत्र्याच्या पिल्लासारखा मामूंकडे धावला!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काळीज-पेट्याच्या पिशव्या! खडकांवरची हवा! म्हातारा रोज मागच्या बाजूला त्याला पोसत होता, म्हणून हा माझी अंडी थुंकत होता. आणि मी चोर म्हटल्यावर मामूंनी खडकांवर जाणं सोडलं, म्हणून तो उपाशी राहिला, म्हणून आज पान्याचा आवाज ऐकून वर आला. बिचारा बाजारातलाच गोबरा खाल्ला होता आम्ही. म्हणजे त्यांनी. मला मिळाला नाही, हे मी सांगितलंच.

"मामू!" म्हणून मी त्यांच्याकडे धावलो. त्याच वेळी उमद्याने दुसऱ्या तुकड्यासाठी अशी उसळी मारली की पाण्याचा लोट माझ्या तोंडावर आला. मी एक पाऊल मागे घेतलं. धक्क्याच्या मधोमध चालणाऱ्या माणसाला कड कुठे असते हे माहीत नसतं. मी सरळ तांबड्या समुद्रात गेलो.

खाली खरंच सुंदर होतं. पोवळी, रंगीत मासे, सगळं जाहिरातीच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे. मी त्यातलं बरंचसं प्यायलो. मध्येच उमदा अगदी जवळून जाताना दिसला. मला ओळखलंसुद्धा नाही त्याने. वर आलो की ऐकू येई, "अब्बा इज डायव्हिंग!" मग पुन्हा खाली. दोन्ही गोरे बूट काढेपर्यंत मामूंनी बोट ओढायची लांब आकडी घेतली, माझ्या कॉलरमध्ये अडकवली आणि एका हिसक्यात मला फळ्यांवर आणून टाकलं.

"लय मासे काडले आयुष्यात," ते धापा टाकत म्हणाले. "जावई ह्यो पयला."

मी ओल्या कपड्यांनी त्यांचे हात धरले. "मामू, माफ करा. मी चुकलो. मी गाढव आहे."

"ते मना निकाहाच्या टायमालाच म्हाईत व्हतं," ते म्हणाले, पण त्यांनी आपल्या खांद्यावरचा पंचा काढून माझं डोकं पुसलं. नजमा रडत होती आणि हसत होती, आणि पहिल्यांदा सायराला मध्ये न घालता मला म्हणाली, "पोहता येत नाही हे मला तरी सांगायचंत!"

"मुदीरला पोहता येत नाही?" कफील म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रंग येत-जात होते. मला वाटलं, इकामा गेला. मामूंशेजारी माझीही ट्रंक लागली. आणि तेवढ्यात एक विचित्र आवाज यायला लागला. तो भागीदार! मामूंच्या ट्रंकेवर मटकन बसून तो हसत होता. काळा चष्मा काढून डोळे पुसत होता आणि परत हसत होता.

"वल्लाह, अबू सालेह," तो म्हणाला, "मासे सगळीकडे दाखवतात. मेलेला मासा परत येतो, त्याला सासरा जेवू घालतो आणि मॅनेजर बुडतो, हे कुठे बघायला मिळतं? सही कुठे करायची?"

गोऱ्यांनी उमद्याचे भरपूर फोटो काढले. प्रत्येक फोटोत त्याच्याशेजारी मामू आहेत. पुढे सगळीकडे गोष्ट पसरली की फरसानला एक मासा आहे जो लढाईत मरून परत आला, आणि त्याला बघायला इतके लोक यायला लागले की कफिलाला आणखी खोल्या बांधाव्या लागल्या. मामू विमानं सुरू होईपर्यंत आमच्याकडेच राहिले. निघताना मी त्यांना हळूच विचारलं, "मामू, खरं सांगा. त्याला पोसत का होतात?"

"का म्हंजे? निगायच्या आदल्या दिवशी मोठी पार्टी करनार व्हतो. तुमानाच डोकं देनार व्हतो!" त्यांनी सुस्कारा टाकला. "पन आता नाव झालं त्याचं. नाववाला मासा गल्याखाली उतरत नाय."

राहता राहिलो मी. कफिलाने माझा इकामा कायम ठेवला. वर नव्या भागीदारीच्या आनंदात पगारवाढही जाहीर केली, सगळ्यांसमोर, टाळ्यांच्या गजरात. उमद्याची. दोन अंड्यांची चार झाली.

सोलायला मीच.